भेव सुटलं, गाव नाही सुटलं

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या मागच्या रविवारच्या पुरवणीत माणूस बदलाला काहून घाबरतो यावर मोठा लेख आला होता, तो वाचला, चांगला होता. नोकरी बदलणं, शहर बदलणं, मोबाईलवरून पैसे पाठवणं, पोरीचं लग्न उशिरा करणं, सगळं आलं त्यात. पण माणूस आपला विश्वास बदलतो तेव्हा त्याच्या पोटात काय कालवाकालव होते ते नाही आलं. पेपरात हा विषय येतो तो दोनच तऱ्हेनं, एक तर "आमिष दाखवून धर्मांतर" नाहीतर पंचवीस डिसेंबरला नागपूरच्या चर्चचा लायटिंगवाला फोटो. मधलं काहीच येत नाही आणि मी त्या मधल्यातली बाई आहे म्हणून लिहिते. पत्र लांब होईल, कापायचं असलं तर कापा पण शेवटचं कापू नका, कामाचं तिथं आहे. मी बोलते आणि भाची मोबाईलवर टाइप करते, त्यामुळं वाक्य कुठल्या कुठं गेलं तर समजून घ्या.

मी केळापूर तालुक्यातली. चार एकर वावर, कपाशी आणि तूर, विहिरीला पाणी असलं तर हरभरा. मालक वारले त्याला बरीच वर्षं झाली. माहेर माळकरी, बाबा दरसाल पंढरीला जायचे, आणि मी प्रभू येशूवर विश्वास ठेवते. हे कळलं की लोकं पहिले विचारतात किती मिळाले. काही नाही मिळाले जी. मिळाले असते तर 2017 ला गुलाबी बोंडअळीनं कपाशी खाल्ली तेव्हा कामी आले असते.

त्या लेखात लिहिलंय की खेड्यातला माणूस बदलाला सगळ्यात जास्त घाबरतो, ते मला काही पटलं नाही. आमच्या बापजाद्यांची ज्वारी गेली, सोयाबीन आलं. 2002 ला बीटी कपाशीच्या बियाण्याला परवानगी मिळाली आणि काही वर्षांतच सगळं शिवार बीटीचं झालं. बैलजोड्या विकल्या, ट्रॅक्टर भाड्यानं आणतो, कितीक घरी आता पोळ्याला मातीचे बैल पुजतात. कोणी म्हणालं नाही की पूर्वजांचा कोप होईल. मग बदलाचं भेव कुठं आहे? भेव आहे एकटं पडायचं. बीटी सगळ्यांनी लावली म्हणून आपणही लावली, त्यात एकटं कोणीच नव्हतं. विश्वासाच्या बाबतीत ज्याचा पाय त्यालाच उचलावा लागतो आणि मागे वळून पाहावं तर सोयरे, भावकी, अख्खं गाव धुऱ्यावर उभं राहून पाहत असतं.

आधी मी कशाकशाला भीत होती ते सांगते, शहरातल्या वाचकांना हसू येईल पण येऊ द्या. अमावस्येला वावरात जायचं नाही. चौकात कोणी उतारा टाकला असला तर तीन घरं वळसा घालून जायचं. लेकरू दोन दिवस जेवलं नाही की कोणाची तरी नजर, ताप उतरला नाही की बाहेरचं, म्हैस आटली की करणी. मग जाणत्याकडे जा, तो सांगेल ते लिंबू, सांगेल तो कोंबडा, आणि नुसतं तेवढंच नाही तर तो हळूच नावही सुचवतो की ही करणी उत्तरेकडच्या घरातल्या बाईनं केली, झालं, त्या घरासोबत पाणी बंद. 2013 ला जादूटोणाविरोधी कायदा आला, चांगलं झालं, त्यासाठी दाभोलकरांचा जीव गेला. पण रात्री दोन वाजता लेकरू तापानं फणफणलेलं असते तेव्हा बाईच्या डोक्यात कायदा येत नाही, जाणताच येतो.

मालक गेले आणि मग त्याच गावात मीच अपशकुन झाली. पुतण्याच्या लग्नात हळदीच्या दिवशी मला कोणी हाकललं नाही बरं, हे मला मुद्दाम सांगायचं आहे, आमच्याकडची माणसं वाईट नाहीत. जाऊ म्हणाली, "तू आतमंदी बस वं, तिथं हवा हाये." एवढंच. आतमध्ये हवा होती, पंखा होता, आणि मी होती. नवल म्हणजे मला राग नाही आला, मलाही तेच बरोबर वाटत होतं, माझी सावली पोराच्या हळदीवर पडली आणि काही झालं तर, असं मीच मनात म्हणत होती. भेव असं आतून बसलेलं असते.

माझी मावसबहीण दवाखान्यात नर्स. आमच्या भागात उमरीचा मिशन दवाखाना लहानपणापासून ऐकून माहीत, म्हणजे ख्रिस्ती माणूस आम्ही पाहिलाच नव्हता असं नाही. यवतमाळला तर 1953 पासून पाद्री घडवणारं मोठं सेमिनरी होतं, ते 1983 ला पुण्याला गेलं. नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजात शिकलो असं लोकं छाती काढून सांगतात, पण ते स्टीफन हिस्लॉप 1845 ला स्कॉटलंडहून नागपूरला येऊन शाळा काढणारे मिशनरी होते, आणि 1863 ला टाकळघाटची जुनी शिळावर्तुळं पाहायला गेले तिथून परतताना नाल्याच्या पुरात वाहून गेले हे किती जणांना माहीत आहे. सांगायचं एवढंच की येशू विदर्भात काल-परवा यूट्यूबवरून आलेला नाही.

तर ह्या बहिणीच्या घरी बायांची प्रार्थना होती आणि मी गेली ती खरं सांगते चहासाठी गेली. तिथं बायबलमधल्या योहानाच्या शुभवर्तमानातला पाचवा अध्याय वाचला. यरुशलेमात बेथेसदा नावाचं तळं, त्याला पाच पडव्या, तिथं आजारी माणसं पडलेली, पाणी हललं की जो पहिला उतरेल तो बरा होणार असं सगळ्यांना वाटायचं. एक माणूस अडतीस वर्षांपासून आजारी. येशू त्याला विचारतो की बाबा, तुला बरं व्हायचं आहे का. आता अडतीस वर्षं पडून असलेल्या माणसाला हे काय विचारणं झालं, मला तर तेव्हा येशूचाच राग आला होता. पण त्या माणसाचं उत्तर ऐका. तो "हो" म्हणतच नाही! तो सांगत बसतो की मला पाण्यात सोडायला कोणी नाही, मी जातो तोवर दुसराच उतरतो. त्याला प्रश्न विचारला एक आणि तो आपल्या पडून राहण्याची कारणं देतो. मला वाटलं ही तर मी. मला कोणी विचारलं असतं की बाई, तुला हळदीच्या मांडवात बसायचं आहे का, तर मीही हेच सांगितलं असतं, जाऊ काय म्हणेल, सासू काय म्हणेल, पोराला काही झालं तर.

येशू त्याची कारणं खोडत बसत नाही. ऊठ, बाज उचल आणि चाल, बस. आणि तो चालतो. त्याच्या पुढचं तर अजून भारी आहे आणि ते चर्चमध्ये कमी सांगतात. तो दिवस शब्बाथाचा, म्हणजे काम करायचा नाही असा. लोकांनी त्याला पाहिलं आणि म्हणाले काय, की आज बाज काहून उचलली? अडतीस वर्षांचा आजारी माणूस चालत येतो आहे आणि ह्यांना बाज दिसते! आमच्या गावात मी पुढं मोकळ्या मनानं हिरव्या बांगड्या भरल्या तेव्हा अगदी हेच झालं. बाई हसायला लागली, दोन वेळा जेवायला लागली, जाणत्याचे पैसे वाचले, हे कोणाला नाही दिसलं, बांगड्या दिसल्या.

पण साहेब, हे एका दिवसात नाही झालं आणि जे एका दिवसात झालं म्हणून सांगतात त्यांच्यावर माझा फार भरोसा नाही. माझ्यापेक्षा मोठी माणसं वर्षानुवर्षं थांबली आहेत. लक्ष्मीबाई टिळकांचं घ्या. त्यांचे मालक, कवी नारायण वामन टिळक, नागपूरला आप्पासाहेब बुटींकडे राहून ग्रंथांचं काम करत, पुढं राजनांदगावला निघाले तेव्हा रेल्वेत एका गोऱ्या माणसानं त्यांना नवा करार दिला आणि तिथून सगळं फिरलं. 10 फेब्रुवारी 1895 ला मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. त्या माऊलीवर काय वेळ आली असेल, नवरा जिवंत आहे पण नवरा गेला असं माहेर रडतंय. त्या नवऱ्यापासून वेगळ्या राहिल्या, मग परत आल्या तरी आपलं सोवळं घेऊन आल्या, वेगळा स्वयंपाक, वेगळं पाणी. एका घरात दोन चुली. आणि मग हळूहळू, स्वतः विचार करून, की ही जात देवानं केली का माणसानं, असं करत करत त्यांचं सोवळं सुटलं आणि 1900 साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. नवऱ्यानं घेतला म्हणून दुसऱ्या दिवशी नाही घेतला. मला ही बाई फार आवडते कारण तिनं भेव झाकून नाही ठेवलं, सगळं लिहून ठेवलं आणि वर हसत हसत लिहिलं.

पंडिता रमाबाईंचाही बाप्तिस्मा 1883 ला इंग्लंडमध्ये झाला पण तिथल्या बायांनी सांगितलं ते सगळं मान डोलावून घेतलं असं नाही, वाद घातला, मटण खायला नाही लागल्या. आणि त्यांनीच पुढं लिहिलंय की मला ख्रिस्ती धर्म आधी मिळाला, ख्रिस्त नंतर भेटला. दुष्काळात, 1896-97 च्या, त्या तेव्हाच्या मध्य प्रांतात येऊन उपाशी बाया-पोरी घेऊन गेल्या. असल्या बाईला कोण म्हणेल की हिला आमिष दाखवलं.

आणि विदर्भात बसून धर्म बदलायची गोष्ट करायची आणि दीक्षाभूमीचं नाव नाही घ्यायचं हे तर शक्यच नाही. बाबासाहेबांनी धर्म सोडणार असं 1935 ला येवल्याला सांगितलं आणि 14 ऑक्टोबर 1956 ला नागपूरला दीक्षा घेतली. एकवीस वर्षं. त्यांची वाट वेगळी, माझी वेगळी, मी दोन्ही एक करत नाही. पण एवढा मोठा माणूस एवढा विचार करून पाऊल टाकतो तर आमच्यासारखीला थोडं थांबायचा हक्क आहे. म्हणून आमच्या प्रार्थनेत कोणी नवीन बाई येते आणि म्हणते की ताई, मन तयार आहे पण भेव वाटते, तर मी तिला म्हणते वाटू दे, तू चहा घे.

मग सुटका म्हणजे काय झालं नेमकं, हे लोकं विचारतात. कर्ज सुटलं नाही, सोसायटीचं तसंच आहे. गुडघे दुखतात. झालं ते असं की वावरातली लाईट रात्रीची असते, हरभऱ्याला ओलित करायला रात्री जावं लागते, आणि अमावस्या पाहून लाईट येत नाही. आधी गडी शोधत फिरायची आणि ओलिताची पाळी चुकायची. आता जाते, बॅटरी घेते, काठी घेते, स्तोत्र म्हणत जाते. भुताचं भेव गेलं, सापाचं आहे, रानडुकराचं आहे आणि वाघाचं तर आहेच आहे, 2018 ला अवनी वाघीण आमच्या भागात फिरत होती तेव्हा मीही घरातच बसली होती, विश्वास म्हणून वाघासमोर जाऊन उभं राहायला प्रभूनं कुठं सांगितलं नाही. दुसरं म्हणजे त्या उत्तरेकडच्या घरातल्या बाईशी बोलणं सुरू झालं. माझी म्हैस तिनं नव्हती आटवली बिचारीनं. हे माझ्यासाठी सगळ्यात मोठं, करणीचं भेव जाते तेव्हा शेजारीण परत मिळते.

सासू माझ्याजवळच राहते. तिच्या महालक्ष्म्या बसतात, तिच्या हातून आता होत नाही म्हणून आंबील मी करते, सोळा भाज्या मी चिरते. यावरून दोन्हीकडून बोलणी खाते. गावातले म्हणतात ही खरी बाटलीच नाही, आणि आमच्यातले काही म्हणतात की ताई, तू अजून सुटलीच नाही. प्रसादाचा प्रश्न तर आमच्या मंडळीत दर सणाला निघतो. येशूचा प्रेषित पौल, त्यानं करिंथ शहरातल्या मंडळीला पत्र लिहिलं त्यात हेच आहे, की मूर्ती म्हणजे काही नाही हे आपल्याला माहीत आहे, पुढ्यात वाढलेलं विचारपूस न करता खा, पण तुझ्या खाण्यानं कच्च्या विश्वासाचा भाऊ अडखळत असेल तर नको खाऊ. म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वी हेच भांडण चालू होतं! मी काय करते, आंबील करते, सासूला वाढते, आरतीला उभी राहत नाही आणि ती मला ओढत नाही. ती म्हणते, "तुह्या देवानं तुले इतकं शाहनं केलं तर राहू दे त्याले." अजून काय पाहिजे.

आता आमच्या लोकांबद्दलही बोलते नाहीतर म्हणाल एकतर्फी लिहिलं. भेव विकायचा धंदा सगळीकडे आहे. जाणत्याचा धागा तोडून आलेल्या बाईला काही उपदेशक तेलाची बाटली देतात, ही उशाशी ठेव, नाही ठेवली तर सैतान येईल. मग फरक काय राहिला? लिंबू गेलं, बाटली आली. रविवार चुकला म्हणून ताप आला, दशमांश, म्हणजे कमाईचा दहावा हिस्सा, दिला नाही म्हणून ढोर मेलं, असं सांगणारेही मी ऐकले आहेत आणि तिथून उठून आली आहे. बायबलात मोशेसोबत मिसरातून, म्हणजे इजिप्तातून, सुटून आलेले लोकं रानात रडायला लागले की तिथं आम्हाला काकड्या होत्या, खरबुजं होती, कांदे-लसूण होते. गुलामी विसरले, कांदे आठवले. सुटलेला माणूस परत जाऊन कोणाच्या तरी दावणीला बांधून घेतो, दावण मंदिराची असो, चर्चची असो का मोबाईलमधल्या बाबाची.

काही भेव मात्र खरं आहे हेही लिहून ठेवते. सोयरिकीचं भेव खरं आहे, जुळलेली लग्नं मोडलेली मी पाहिली आहेत. आमच्या प्रार्थनेला येणारं एक मजुराचं घर आहे अनुसूचित जातीतलं, त्यांना विश्वास आहे पण कागदावर ते कधीच लिहिणार नाहीत, कारण 1950 च्या आदेशाप्रमाणे ख्रिस्ती झालं की जातीची सवलत जाते आणि पोरगं शिकतंय. शीख आणि बौद्ध बांधवांना पुढं ती सवलत मिळाली, ख्रिस्ती माणसाला नाही. संविधानाच्या कलम 25 मध्ये ज्याला जो मानायचा तो धर्म मानायचं स्वातंत्र्य आहे, पण पोराची फी भरताना कलम 25 कामी येत नाही. अशा माणसाला कोणी चर्चमध्ये उभं राहून भित्रा म्हणावं हे मला चालत नाही.

आणि शेवटचं भेव मयतीचं. "तुह्या मयतीले कोन येईन, तुले माती कोन देईन", हे मला जितक्या वेळा ऐकावं लागलं तितकं दुसरं काहीच नाही. तेरवी होणार नाही, पिंडाला कावळा शिवणार नाही, हे तर ठीक, त्याचं मला काही वाटत नाही. पण जागा? आमच्या गावात ख्रिस्ती माणसाला पुरायला जागा नाही. मागच्या पावसाळ्यात आमच्यातले एक म्हातारे बाबा वारले, तर त्यांना टेम्पोत घालून तालुक्याच्या गावी न्यावं लागलं, नाल्याला पाणी, रस्ता चिखलाचा. खरं सांगते, मला वाटलं होतं की आम्ही चार टाळकीच असू. पण टेम्पो निघायच्या वेळेला भजनी मंडळातली माणसं छत्र्या घेऊन आली आणि मागे चढून बसली, एकानं तर टाळही आणले होते. आमची स्तोत्रं त्यांना येत नाहीत, म्हणून त्यांनी तुकोबाचा अभंग धरला आणि आम्हीही त्यातच म्हणू लागलो. टिळकही सांगत की तुकोबाच्या वाटेनंच आपण ख्रिस्तापर्यंत आलो. कोणालाच काही वावगं वाटलं नाही. तेव्हापासून "कोन येईन" ह्या प्रश्नाचं मला भेव नाही. जागेचा प्रश्न मात्र आहे.

तर कामाचं ते हे. आमच्या गावाच्या ई-क्लास, म्हणजे सरकारी चराईच्या, जमिनीतून पाव एकर दफनभूमीसाठी मिळावी असा अर्ज आम्ही ग्रामपंचायतीला दिला आहे, सरपंच "पाहू" म्हणाले, कोणी लेखी नाही म्हणत नाही आणि हो पण म्हणत नाही. येत्या 2 ऑक्टोबरच्या ग्रामसभेत विषय निघणार आहे, मांडायला मी उभी राहणार आहे. आसपासच्या खेड्यांतही हीच अडचण आहे, ज्यांची असेल त्यांनी आपापल्या ग्रामसभेत अर्ज द्यावा, आणि तुमच्या तालुका वार्ताहरांना जमलं तर त्या दिवशी पाठवा. तलाठी साहेबांनी नकाशा आणला तर काम होईल, मागच्या सभेत विसरून आले होते.

आपली वाचक,
एक शेतकरी बाई,
ता. केळापूर, जि. यवतमाळ

ता. क. – नाव छापू नका. ग्रामसभेत सगळ्या गावासमोर बोलणारच आहे, पण तुमचा पेपर सोयऱ्यांच्या गावातही जातो आणि टाइप करणाऱ्या भाचीच्या सोयरिकीची बोलणी चालू आहेत.